विश्लेषण : झाड झालेला माणूस, करणीचा द्राक्षमळा... गुलामगिरीची जखम कथेत आणणारे चार्ल्स चेस्नट कोण होते?

नवऱ्याला मालकाने पुन्हा दूरच्या मळ्यावर धाडू नये म्हणून एक गुलाम बाई त्याचे झाड करून ठेवते. रात्री सारे झोपले की ती त्याला माणूस करते, पहाटे पुन्हा झाड. मग एके दिवशी तिलाच दुसऱ्या गावी कामाला पाठवले जाते. ती परत येते तेव्हा जागेवर फक्त बुंधा उरलेला असतो आणि झाड लाकूड कापण्याच्या गिरणीत पोहोचलेले असते. ही कथा १८८८ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकेतील प्रतिष्ठित मासिकात आली. तिचे लेखक होते चार्ल्स वॉडेल चेस्नट. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’मधील मेलेल्या मुलीच्या भुताने जगभरचे वाचक हादरले, त्याच्या जवळपास १०० वर्षे आधी चेस्नट यांनी भुतेखेते, करणी आणि रूपांतर यांच्या आधाराने गुलामगिरीचा आघात सांगितला होता. वाचकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे तोच आघात त्यांनी जादूविना, सरळ शब्दांत सांगितला, तेव्हा मात्र त्याच वाचकांनी पाठ फिरवली.

बालपण कुठे, कसे गेले?

चेस्नट यांचा जन्म २० जून १८५८ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. आई-वडील मूळचे दक्षिणेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या फेएटव्हिलचे. ते गुलाम नव्हते. ‘मुक्त कृष्णवर्णीय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या वर्गातले होते. मात्र दक्षिणेत अशा माणसांवरही बंधने वाढत गेल्याने त्यांनी यादवी युद्धाच्या काही वर्षे आधी उत्तरेची वाट धरली. वडिलांचे वडील गोरे आणि गुलामांचे मालक होते, असे चरित्रकार सांगतात. त्यामुळे चेस्नट यांचा वर्ण इतका उजळ होता की अनोळखी माणसे त्यांना गोरेच समजत. गोरा म्हणून जगणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते आयुष्यभर नाकारले.

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलाम होती. युद्ध संपले आणि १८६५ मध्ये राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. पुढच्याच वर्षी हे कुटुंब फेएटव्हिलला परतले. वडिलांनी किराणा दुकान टाकले. युद्धाआधी याच राज्यात गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. आता गावातील सात कृष्णवर्णीयांनी १३६ डॉलर जमवून शाळेसाठी जागा घेतली. त्या सातांपैकी एक चेस्नट यांचे वडील होते. मुलगा चार्ल्स याच शाळेत शिकला.

अंधश्रद्धेवर चिडणारा मास्तर कोण होता?

चार्ल्स १३ वर्षांचा असताना आई गेली. पाठोपाठ घरची परिस्थिती बेताची झाली आणि शाळा सोडण्याची वेळ आली. मुख्याध्यापकांनी तोड काढली : मुलाने शिकायचेही आणि पगार घेऊन खालच्या वर्गांना शिकवायचेही. महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला ते साल १८७३. त्या सुमारास हा पंधरा वर्षांचा मुलगा नुकत्याच मुक्त झालेल्यांच्या मुलांना बाराखडी गिरवायला लावत होता.

उन्हाळ्यात तो खेड्यापाड्यांत जाऊन वर्ग चालवी. राहायला कुणाच्या तरी घरी जागा मिळे. तिथे रात्री भुतांच्या, चेटकिणींच्या, शकुन-अपशकुनाच्या गप्पा रंगत. घोड्याची नाल दाराला ठोकली की घर सुरक्षित, ढगाचा आकार पाहून पुढचे सांगता येते, अशी या लोकांची ठाम समजूत. १८७५ मधील त्याच्या रोजनिशीत या समजुतींबद्दलचा वैताग नोंदलेला आहे. लॅटिन, जर्मन, फ्रेंच या भाषा स्वतःच्या बळावर शिकणाऱ्या, पुस्तकांत रमणाऱ्या सतरा वर्षांच्या मास्तराला हे सारे अडाणीपण वाटत होते. ज्या गोष्टींचा तो असा तिटकारा करत होता, त्याच पुढे त्याच्या लेखनाचा पाया ठरल्या.

१८७८ मध्ये सुझन पेरी यांच्याशी विवाह झाला. १८८० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, चेस्नट फेएटव्हिलमधील शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाचे प्रमुख झाले. आज तेच फेएटव्हिल स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी त्यांनी रोजनिशीत लेखक होण्याचा निश्चय लिहून ठेवला. हेतूही स्पष्ट होता. कृष्णवर्णीयांना सुधारण्यापेक्षा गोऱ्यांच्या मनातील जातिद्वेष वितळवणे हे आपले काम, असे त्यांनी ठरवले. थेट हल्ला करून हा किल्ला पडणार नाही, वाचकाला हसवत-रमवत नकळत आत शिरावे लागेल, हेही त्यांच्या मनाशी तेव्हाच पक्के झाले होते.

लघुलेखक ते कथालेखक हा प्रवास कसा झाला?

दक्षिणेत वर्णभेद पुन्हा घट्ट होत होता. १८८३ मध्ये चेस्नट यांनी नोकरी सोडली. आधीच शिकून घेतलेले लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड, आता कामी आले. काही महिने न्यूयॉर्कमध्ये वार्ताहर म्हणून काम करून ते क्लीव्हलँडला पोहोचले. रेल्वे कंपनीच्या कचेरीत नोकरी करता करता कायद्याचा अभ्यास केला. १८८७ मध्ये ओहायोची वकिलीची परीक्षा ते आपल्या तुकडीत सर्वाधिक गुण मिळवून उत्तीर्ण झाले. वकिलीऐवजी त्यांनी न्यायालयीन लघुलेखनाचा स्वतःचा व्यवसाय उभारला आणि त्यात चांगला जम बसवला.

त्याच वर्षी, ऑगस्ट १८८७ मध्ये, ‘द गूफर्ड ग्रेपव्हाइन’ ही त्यांची कथा ‘अटलांटिक मंथली’त आली. या मासिकात छापलेली ही आफ्रिकी-अमेरिकी लेखकाची पहिली कथा मानली जाते. लेखक कृष्णवर्णीय आहे, हे वाचकांना ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी ‘पो सँडी’ आली.

‘कॉन्ज्यूर’ म्हणजे नेमके काय?

‘कॉन्ज्यूर’ किंवा ‘गूफर’ या शब्दांना आपल्याकडील ‘करणी’ हा शब्द बराच जवळ जातो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी आपल्याबरोबर औषधी मुळ्यांचे ज्ञान, पितरांवरील श्रद्धा, मंत्रतंत्र आणले. अमेरिकेत त्यात स्थानिक वनस्पतींची आणि ख्रिस्ती श्रद्धांची भर पडली. मुळ्या, स्मशानातली माती, केस, हाडे यांच्या पुरचुंड्या करून कुणाचे बरे, कुणाचे वाईट करता येते, असा समज होता. हे जाणणाऱ्या माणसाचा मळ्यावर दरारा असे. कधी कधी मालकही त्याला बिचकून असत.

गुलामाला न्यायालयात गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नसे. त्याच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. पोटचे मूल कधी विकले जाईल याचा नेम नव्हता. दाद मागायला कोणतीही जागा नसलेल्या माणसाच्या हाती उरलेले हे एक साधन होते. गुलामगिरीतून निसटून पुढे मुक्तीचे मोठे नेते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनीही १८४५ च्या आत्मचरित्रात अशी आठवण सांगितली आहे. छळणाऱ्या मुकादमाच्या फटक्यांपासून रक्षण व्हावे म्हणून एका सोबत्याने त्यांना एक मुळी सतत जवळ बाळगायला दिली होती. डग्लस यांचा मुळीवर फारसा विश्वास नव्हता, तरी त्यांनी ती घेतली. याच डग्लस यांचे छोटेखानी चरित्र चेस्नट यांनी १८९९ मध्ये लिहिले.

करणीचा द्राक्षमळा काय सांगतो?

चेस्नट यांच्या करणीच्या कथांची चौकट ठरलेली आहे. युद्धानंतर जॉन नावाचा गोरा व्यावसायिक आजारी पत्नी अ‍ॅनीला घेऊन उत्तरेतून नॉर्थ कॅरोलायनात येतो. एक जुना द्राक्षमळा विकत घ्यायचा त्याचा विचार असतो. तिथे ज्युलियस हा वृद्ध, पूर्वी गुलाम असलेला माणूस भेटतो. तो एकेक गोष्ट सांगतो आणि हे जोडपे ऐकते.

पहिली गोष्ट त्या मळ्याचीच. गुलाम द्राक्षे चोरून खातात म्हणून मालक पेगी नावाच्या मांत्रिक बाईला १० डॉलर देऊन वेलींवर करणी करवतो. द्राक्ष खाल्ले की वर्षाच्या आत मरण. नव्याने आलेला हेन्री हा गुलाम अजाणता द्राक्षे खातो. पेगी त्याला उतारा देते : वसंतात वेलीची छाटणी झाली की निघणारा रस टकलावर चोळायचा. हेन्री वाचतो, पण त्याचा जीव वेलीला बांधला जातो. वेल फुटली की त्याच्या डोक्यावर केस फुटतात आणि अंगात तरुणाची ताकद येते. पाने गळू लागली की तो म्हातारा होतो, सांधे आखडतात.

मालकाच्या हे लक्षात येते. तो दर वसंतात तरण्याबांड हेन्रीला १,५०० डॉलरना विकतो आणि पानगळीत खंगलेल्या हेन्रीला ५०० डॉलरना परत घेतो. पाच वर्षांत त्याला ५,००० डॉलरचा नफा होतो. पुढे उत्पन्न वाढवून देतो म्हणून आलेला एक उत्तरेकडचा माणूस वेलींची मुळे उकरतो. वेली वाळतात आणि हेन्रीही मरतो.

या कथेत गंमत आहे आणि वाचक हसतोही. मात्र करणी वजा केली तर उरते ते बाजारातले वास्तव. गुलामाची किंमत त्याचे वय, दात आणि दंड पाहून ठरत असे. माणूस म्हणजे हंगामी पीक, ही कल्पना चेस्नट यांची नव्हती. दक्षिणेतील मळ्यांच्या हिशेबवह्यांत ती आधीपासून होती. कथेने ती फक्त शब्दशः घेतली.

माणसाचे झाड किंवा पक्षी का होतो?

‘पो सँडी’मधला सँडी कामाला इतका वाघ की मालकाची सगळी मुले त्याला मागतात. मालक कुणालाच नाराज करत नाही. महिना-महिना त्याला आलटून पालटून उसना देतो. सँडी असाच परगावी असताना त्याची पहिली बायको दुसऱ्या बाईच्या बदल्यात दिली जाते. वर मालक सँडीच्या हातावर एक डॉलर ठेवतो. दुसरी बायको टेनी हिला करणी येते. एका जागी राहता यावे, एवढीच सँडीची इच्छा असते. म्हणून तो झाड होतो. तिथेही सुटका नाही. सुतार पक्षी टोचतो तेव्हा रात्री त्याच्या दंडावर जखम दिसते. राळेसाठी कुणी खोडाची साल काढतो तेव्हा पाय सोलून निघतो. शेवटी करवत चालते आणि टेनीला खांबाला बांधून ते पाहायला लावले जाते. त्या लाकडाच्या स्वयंपाकघरातून रात्री कण्हणे ऐकू येते. पुढे ते मोडून त्याच लाकडाची शाळा बांधली जाते आणि एके सकाळी टेनी तिथल्या जमिनीवर मेलेली सापडते.

आणखी एका कथेत बेकी नावाच्या आईला मालक शर्यतीच्या घोड्याच्या बदल्यात देऊन टाकतो. घोडेवाल्याला तिचे तान्हे मूल नको असते. मूल झुरू लागते. मग पेगी त्याला छोट्या पक्ष्याचे रूप देते. ते उडत जाऊन आईच्या अंगणात गाते आणि संध्याकाळी परत येते. बेकीला आवाज ओळखीचा वाटतो, तो आपल्या बाळाचा का भासतो हे मात्र कळत नाही.

या रूपांतरांमागे एक सूत्र दिसते. प्रत्येक जादूच्या आधी एक अगदी साधा, कायदेशीर व्यवहार घडतो. कुणी विकले जाते, कुणी उसने दिले जाते, कुणाची अदलाबदल होते. मालकांना त्यात वावगे काही वाटत नाही. ज्याच्यावर हे गुदरते त्याला ते सांगायला नेहमीची भाषा अपुरी पडते आणि तिथे करणी सुरू होते. मानसिक आघात झालेली माणसे पुष्कळदा घटना सलग सांगू शकत नाहीत, ती तुकड्यांत, स्वप्नांत, भासांत परत येते, हे आज मानसशास्त्र सांगते. चेस्नट यांच्याकडे ही परिभाषा नव्हती. ज्युलियसच्या गोष्टींत मात्र नेमके हेच घडते. लाकूड कण्हत राहते आणि घर मोडून शाळा केली तरी ते थांबत नाही.

करणीशिवायची सर्वांत भीषण कथा कोणती?

१८८९ मधील ‘डेव्हज् नेकलिस’ या कथेत करणी नाही. डेव्ह हा वाचता येणारा, देवभोळा गुलाम. डुकराचे मांस चोरल्याचा खोटा आळ त्याच्यावर येतो. शिक्षा म्हणून मुकादम मांसाचा तुकडा साखळीने त्याच्या गळ्यात अडकवतो. कामावर, झोपताना, प्रार्थनेला तो तसाच. लोक हसतात, प्रेयसी सोडून जाते. महिन्यांनी साखळी काढली जाते, तोवर डेव्हचे मन मोडलेले असते. गळ्यात काही नाही हे त्याला सहन होत नाही. एकटा असताना तो लाकडाचा ओंडका गळ्यात बांधतो. मग आपणच मांस आहोत, असे त्याला वाटू लागते. खरा चोर सापडतो आणि लोक डेव्हला शोधत जातात, तेव्हा तो मांस धुरावण्याच्या खोपटात जाळावर स्वतःला टांगून मेलेला असतो.

ही कथा पुढे पुस्तकात घेतली गेली नाही. तिच्यात वाचकाला दिलासा देणारी जादू नाही. इतर कथांतले रूपांतर बाहेर, शरीरात घडते. इथे ते डोक्यात घडते. त्यामुळे बाकीच्या कथांतील करणी कशाच्या जागी आली आहे, हे या कथेवरून उलगडते.

ऐकणारे गोरे जोडपे कशासाठी?

त्या काळी ‘मळ्यावरच्या जुन्या दिवसां’च्या कथांची लाट होती. जोएल चँडलर हॅरिस यांचा गोष्टीवेल्हाळ अंकल रीमस घराघरांत पोहोचला होता. थॉमस नेल्सन पेज यांच्या कथांत तर मुक्त झालेले वृद्ध गुलाम जुन्या मालकांच्या आठवणीने गहिवरत. ज्युलियस वरवर त्यांच्यासारखाच दिसतो. संपादक आणि वाचक त्यामुळेच आकृष्ट झाले. पण ज्युलियसच्या गोष्टींत जुन्या दिवसांची ओढ कुठेच नाही.

जॉन प्रत्येक गोष्टीकडे करमणूक म्हणून पाहतो आणि म्हाताऱ्याचा त्यात काय स्वार्थ आहे ते शोधतो. स्वार्थ असतोही. मळा विकला गेला तर ज्युलियसची कमाई बुडणार असते. जुन्या शाळेची इमारत त्याच्या मंडळींना प्रार्थनेसाठी हवी असते. आयुष्यभर राबून हाती काही न लागलेल्या माणसाचा हा हिशेब आहे. अ‍ॅनी मात्र गोष्टीच्या मागचे ऐकते. सँडीची कथा संपल्यावर तिला ज्या व्यवस्थेत असे घडू शकते तिचाच विचार सुचतो आणि त्या लाकडाचे स्वयंपाकघर ती नाकारते. बेकीची कथा जॉनला परीकथा वाटते, अ‍ॅनीला ती खरी वाटते. चेस्नट यांनी वाचकाला दोन खुर्च्या मांडून दिल्या होत्या. कोणत्या खुर्चीवर बसायचे, ते वाचकाने ठरवायचे होते.

मग हे अंधश्रद्धेचे समर्थन ठरते का?

चेस्नट स्वतः करणी मानत नव्हते. १९०१ मध्ये दक्षिणेतील लोकसमजुतींवर लिहिलेल्या लेखात त्यांनी वृद्ध स्त्री-पुरुषांना भेटून गोळा केलेली माहिती दिली. त्यात त्यांचा सूर अभ्यासकाचा, काहीसा मिश्कील आहे. मात्र त्याच लेखात एक कबुलीही आहे. आपल्याच कल्पनेतून आल्या असे वाटणाऱ्या कित्येक गोष्टी प्रत्यक्षात लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या आणि मनाच्या तळाशी पडून राहिलेल्या होत्या, हे त्यांना लोकांशी बोलताना उमगले.

सतरा वर्षांच्या मास्तराने ज्यांना अडाणी म्हटले, त्यांच्या गप्पांत किती दुःख साठले होते ते लेखकाला उशिरा कळले. ज्यांना लिहायला बंदी होती, त्यांच्या पिढ्यांचा इतिहास कागदावर सापडणार नव्हता. १९३० च्या दशकात सरकारी योजनेतून २,३०० हून अधिक माजी गुलामांच्या मुलाखती नोंदवल्या गेल्या. चेस्नट यांचे काम त्याआधी जवळपास अर्धशतकाचे. करणी खरी की खोटी, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. ती सांगावी लागली ती कोणत्या दुःखामुळे, तिकडे त्यांनी लक्ष वेधले.

विलमिंग्टननंतर काय बदलले?

मार्च १८९९ मध्ये सात कथांचे ‘द कॉन्ज्यूर वुमन’ हे पुस्तक बोस्टनच्या होटन मिफ्लिन या नामवंत प्रकाशनाने काढले. त्यातील नव्या कथा संपादक वॉल्टर हाइन्स पेज यांच्या सूचनेवरून चेस्नट यांनी काही आठवड्यांत लिहिल्या होत्या. पुस्तक गाजले. त्याच वर्षी वर्णरेषेवरील कथांचा दुसरा संग्रह आला. तोवर लेखक कृष्णवर्णीय असल्याचेही सर्वांना कळले होते. चेस्नट यांनी भरभराटीचा लघुलेखन व्यवसाय बंद केला आणि पूर्णवेळ लेखनाला वाहून घेतले. विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या सर्वांत वजनदार समीक्षकाने १९०० मध्ये त्यांच्या कथांचे भरभरून कौतुक केले.

याच काळात दक्षिणेतून भयंकर बातमी आली होती. १० नोव्हेंबर १८९८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील विलमिंग्टन शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले, अनेकांना ठार मारले आणि निवडून आलेले नगर प्रशासन बंदुकीच्या धाकाने उलथून टाकले. चेस्नट यांचे बालपण गेले ते फेएटव्हिल याच नदीच्या वरच्या अंगाला. शहरात त्यांचे ओळखीचे लोक होते. त्यांनी तिथे जाऊन माणसांकडून हकिकती ऐकल्या.

त्यातून १९०१ मध्ये ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ ही कादंबरी आली. तिच्यात ज्युलियस नाही, जॉन-अ‍ॅनीची चौकट नाही, रूपांतरे नाहीत. एक कृष्णवर्णीय डॉक्टर आणि दंगल पेटवणारा गोरा संपादक समोरासमोर येतात. दंगलीत डॉक्टरचा मुलगा मारला जातो, रुग्णालय जळते. त्याच रात्री संपादकाचे बाळ घुसमटू लागते आणि वाचवू शकणारा डॉक्टर तोच एक असतो. पूर्वी लाकडाच्या कण्हण्यातून आलेले दुःख आता माणसाच्या तोंडून, तारीखवार बोलत होते. हॉवेल्स यांना पुस्तक कडवट वाटले. खप निराशाजनक ठरला.

लेखन का थांबले?

१९०२ मध्ये चेस्नट पुन्हा लघुलेखनाकडे वळले. चार मुलांचे शिक्षण करायचे होते. १९०५ मध्ये ‘द कर्नल्स ड्रीम’ ही आणखी एक कादंबरी आली. दक्षिणेतील कैद्यांना वेठबिगारीला जुंपण्याची पद्धत तिच्यात होती, म्हणजे गुलामगिरी दुसऱ्या दाराने परतल्याचे चित्र होते. तीही चालली नाही. त्यानंतर त्यांच्या हयातीत एकही नवी कादंबरी छापली गेली नाही. पुढची सत्तावीस वर्षे ते न्यायालयात इतरांची साक्ष शब्दशः टिपत राहिले. लिहिणे पुरते सुटले नाही, पण प्रकाशक मिळाला नाही. कपाटात राहिलेल्या कादंबऱ्या १९९० च्या दशकात, मृत्यूनंतर साठहून अधिक वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या.

वर्णभेदाविरुद्धचे काम मात्र चालू होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेशी, म्हणजे एनएएसीपीशी, ते जोडलेले राहिले. मताधिकारावर आणि वर्णभेदी कायद्यांवर त्यांनी भाषणे दिली, लेख लिहिले. १९२८ मध्ये याच संघटनेने त्यांना स्पिंगार्न पदक दिले. तोवर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये तरुण कृष्णवर्णीय लेखकांची नवी पिढी गाजत होती. १९३१ च्या लेखात चेस्नट यांनी आपल्या काळाकडे वळून पाहिले, त्यात तक्रारीचा सूर फारसा नाही. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी क्लीव्हलँडमध्ये त्यांचे निधन झाले. ते ७४ वर्षांचे होते.

पुढील साहित्यात हा धागा कसा आला?

चेस्नट यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी झोरा नील हर्स्टन यांनी ‘म्यूल्स अँड मेन’मध्ये दक्षिणेतील लोककथा आणि करणीच्या परंपरा स्वतः फिरून नोंदवल्या. १९७९ मध्ये ऑक्टाव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ची नायिका विसाव्या शतकातून अचानक गुलामगिरीच्या काळात ओढली जाते आणि परतताना तिचा एक हात भिंतीत अडकून तुटतो. १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ आली. लेकराला पुन्हा गुलाम होऊ न देण्यासाठी त्याचा जीव घेणाऱ्या मार्गारेट गार्नर या आईची १८५६ मधील खरी घटना तिच्या मुळाशी आहे. कादंबरीत ते मूल भूत होऊन घरात येते आणि आईकडे मागत राहते. मॉरिसन यांना १९९३ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले.

या लेखकांनी चेस्नट यांचे अनुकरण केले असे म्हणता येणार नाही. पाणवठा एकच, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी तोंडी जपलेल्या गोष्टी. फरक वाचकांत आहे. चेस्नट यांना गोऱ्या वाचकाच्या कलाने, हसवत, जॉनच्या तोंडून सुरुवात करावी लागली. मॉरिसन यांना भुतासाठी कुणाची परवानगी लागली नाही. गेल्या काही दशकांत अमेरिकेतील विद्यापीठांत चेस्नट पुन्हा वाचले जाऊ लागले. २००८ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ आज त्यांची सर्वांत महत्त्वाची कादंबरी मानली जाते आणि विलमिंग्टनच्या अभ्यासात तिचा उल्लेख हटकून येतो. १९०१ मध्ये ती ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांनी ती मिटून ठेवली होती.